पिकते तिथेच विकू द्या : दातिवऱ्याच्या वाटेवरून

‘पिकते तिथे विकत नाही’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी केली तेव्हा ती खरीच होती. ज्या गावात घरटी परसात वांग्याची चार झाडे, मांडवावर दुधी आणि मोरीच्या पाण्यावर अळू होते, त्या गावात भाजी विकत घेणार कोण? म्हणून पिकवणारा आपला माल डोक्यावर नाहीतर गाडीत घालून दूरच्या बाजाराला नेई.

पण वाचकहो, आज आपल्याच घरात जरा डोकावून पाहा. ऊस लावणाऱ्या घरात मेथीची जुडी विकत येते. कांदा पिकवणाऱ्या घरात टोमॅटो विकत येतो. भाताचे खाचर असलेल्या घरातही तांदळाची पिशवी दुकानातून येते. परस गेले, तिथे सिमेंटची फरशी आली. पिकवणाराच आता गिऱ्हाईक झाला आहे. मग हे गिऱ्हाईक आपला पैसा कुणाच्या हातावर ठेवते, हा प्रश्न लहान नाही. त्याचा विचार करण्यासाठी आज आपण पालघर जिल्ह्यातील दातिवरे या समुद्रकाठच्या गावाकडे जाऊ. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही ज्या टापूत अजून शेती, वाडी आणि मासेमारी एकमेकांच्या शेजारी उभ्या आहेत, तो हा टापू. इथे जे टिकते किंवा मोडते, त्यातून आपल्या गावालाही काही शिकता येईल.

सफाळ्याहून समुद्राकडे

पश्चिम रेल्वेने विरारच्या पुढे निघालात की आधी वैतरणा स्थानक लागते, मग वैतरणा नदीवरचे पूल, आणि मग सफाळे. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटर आणि त्यापुढचे हे दुसरे स्थानक. पूर्वेकडे तांदुळवाडीच्या किल्ल्याचा डोंगर आणि त्याच्या आसपास आदिवासींचे पाडे. पश्चिमेकडे सपाट मुलूख, तो थेट समुद्रापर्यंत.

या सपाटीवरून चटाळे, एडवण, कोरे अशा गावांकडे रस्ता जातो. आधी भाताची खाचरे लागतात. मग खाऱ्या पाण्याला थोपवणारे बांध आणि बांधापलीकडे तिवरांची हिरवी रांग. किनारा जवळ आला की माती रेताड होते, ताड-माड दिसू लागतात आणि कुंपणाआड वाड्या सुरू होतात. एडवणला आशापुरी देवीचे देऊळ आहे. एडवणच्या दक्षिणेला कोरे आणि त्याच्याही पुढे दातिवरे. इथे जमीन संपते. समोर वैतरणेचे मुख आणि खाडीपलीकडे अर्नाळा. मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत, १७३७ मध्ये, घेतलेला अर्नाळ्याचा किल्ला तिथल्याच बेटावर आहे.

ही वैतरणा म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगवलेली नदी. तिच्यावरच्या धरणांचे पाणी मुंबईकर पितात. आणि तीच नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या आसपासच्या वाड्यांची भाजी, केळी आणि पाने पिढ्यान् पिढ्या मुंबई खात आली. पूर्वी या खाडीतून गलबते चालत, आणि ब्रिटिश काळातल्या कागदांत या बंदराचे नाव ‘दांतिवरा’ असे लिहिलेले सापडते. १८६४ च्या सुमारास इथून मुंबईपर्यंत रेल्वे आली आणि माल पाण्यावरून रुळांवर गेला.

वाडी म्हणजे काय चीज आहे

देशावरच्या वाचकांना ‘वाडी’ म्हटले की वस्ती आठवेल. इथे वाडी म्हणजे बागाईत. केळवे-माहीमपासून वसईपर्यंतच्या पट्ट्यात अशा वाड्या आहेत. एका तुकड्यात नारळ, त्याखाली केळी, बाजूला पानवेल, मोकळ्या जागेत वांगी, मुळा, पालेभाजी, कुंपणावर शिराळी आणि पडवळ. जमीन थोडी, म्हणून एकही हात जागा वाया जाऊ द्यायची नाही, ही इथली रीत.

वाडीचा सारा जीव विहिरीत असतो. पावसाचे गोडे पाणी रेतीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. माफक उपसा केला तर हे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरते. हाव धरून पंप लावला तर खालचे खारे पाणी वर चढते आणि एकदा विहीर मचूळ झाली की पानवेल आधी मरते. म्हणून इथे कुणालाही एकरामागे ढीगभर माल काढता येत नाही. माल थोडा, पण रोजचा. असा माल ट्रक भरून दूर पाठवायला पुरत नाही. तो जवळच्या जवळ खपला तरच शेतकऱ्याला परवडतो. हा मुद्दा ध्यानात ठेवा, कारण आपल्यापैकी अनेकांचे गुंठ्यांचे शेत याच जातीचे आहे.

या पट्ट्यात वाडवळ, भंडारी, आगरी, मांगेला, वैती आणि पूर्वेकडे वारली व इतर आदिवासी असे निरनिराळे समाज राहतात. ज्याच्या त्याच्या हातात वेगळे अन्न. वाडीवाल्याकडे भाजी आणि फळे, खाचरवाल्याकडे तांदूळ आणि वाल, कोळणीच्या पाटीत मासळी, डोंगराकडच्या बाईच्या टोपलीत रानभाजी आणि कंद. चौघांनी एकमेकांकडून घेतले तर एका घराचे पान पुरे होते. पूर्वी कोकणकिनाऱ्यावर सुकी मासळी देऊन भात घेण्याची चालही होती. त्यात पैसा कमी फिरे, पण अन्न गावातल्या गावात फिरे.

पहाटेची गाडी

या मुलखातील बायका भाजीची पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबई गाठतात, हे दृश्य पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना नवे नाही. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली. त्याआधी शटल आणि पॅसेंजर गाड्यांवरच सारी भिस्त होती. आदल्या दुपारी तोडणी, संध्याकाळी जुड्या बांधणे, रात्री दोन घटका झोप आणि अंधारात स्थानक. बोरिवली, अंधेरी, दादर अशा ठिकाणी फुटपाथवर बसायचे, माल संपला की परतायचे.

या बायकांनी एक गोष्ट ओळखली होती, ती मोठमोठ्या पुस्तकांतूनही इतकी सोपी सांगितलेली नसेल. माल आपण स्वतः खाणाऱ्याच्या हातात दिला तर घर चालते. दलालाच्या हातात दिला तर फक्त माल जातो. त्यासाठी त्यांनी झोप, पाठ आणि डोके झिजवले. आपल्या गावात मात्र जी बाई दारापुढे वांगी घेऊन येते, तिच्याशी आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो आणि शहरात गेलो की छापील किमतीला मुकाट्याने पैसे मोजतो. हे आपणच आपल्याला विचारून पाहण्यासारखे आहे.

शंभर रुपयांचा हिशेब

आता जरा आकडे पाहू. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे आढळले की, गिऱ्हाईक टोमॅटोसाठी १०० रुपये देते तेव्हा शेतकऱ्याच्या हाती सुमारे ३३ रुपये पडतात. कांद्याचे ३६, बटाट्याचे ३७, आंब्याचे ४३ आणि केळीचे ३१. उरलेला पैसा हमाली, तोलाई, आडत, गाडीभाडे, नासाडी आणि मधल्या तीन-चार हातांच्या नफ्यात जातो.

मधले सगळे चोर आहेत, असे मानू नका. गाडीवान गाडी हाकतो, हमाल पोती उचलतो, किरकोळ विक्रेता उन्हात बसतो. दूरच्या शहराला जेवू घालायचे तर हा खर्च होणारच. पण जी भाजी आपल्या शेजारच्या शेतात उभी आहे, तिच्याच जातीची भाजी शंभर किलोमीटरवरच्या बाजारातून फिरवून आणून खायची आणि तो सारा खर्च भरायचा, याला काय म्हणावे? भायखळ्याचा घाऊक भाजीबाजार १९९० च्या दशकात वाशीला गेला. पालघरच्या किनाऱ्यापासून वाशी रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास. माल तिकडे जाऊन परत इकडच्या दुकानात येतो तेव्हा तो शिळा असतो, महाग असतो आणि पिकवणाऱ्याला त्यातले तिसरा हिस्साच मिळालेला असतो.

समजा, दुकानात १०० रुपयांना मिळणारी भाजी तुम्ही गावातल्याच शेतकऱ्याकडून ७० रुपयांना घेतलीत. तुमचे ३० रुपये वाचले. त्याला ३३ च्या जागी ७० मिळाले. तोडणी, वाहतूक आणि बसून विकण्याचा वेळ वजा केला तरी तो वर राहतो. दोघांचेही भले होते, आणि कुणाचे दान घ्यावे लागत नाही.

आणखी एक हिशेब घालू. एका घराला महिन्याला ९०० रुपयांची भाजी लागते असे धरा. गावात अशी २०० घरे असली तर महिन्याला १ लाख ८० हजार रुपये आणि वर्षाला २१ लाख ६० हजार रुपये फक्त भाजीपोटी खर्च होतात. त्यातला निम्मा पैसा जरी गावातल्या शेतकऱ्याकडे गेला, तरी तोच पैसा पुढे गावातल्या सुताराकडे, शिंप्याकडे, पिठाच्या गिरणीत आणि शाळेच्या वर्गणीत फिरतो. तोच पैसा बाहेर गेला की गावाला त्याचे दर्शन पुन्हा होत नाही. आपण सरकारी योजनेतून दहा लाख यावेत म्हणून पाच वर्षे खेटे घालतो, आणि इकडे आपल्याच हातांनी दरवर्षी तेवढेच गावाबाहेर पाठवतो.

रेल्वे थांबली तेव्हा

दूरच्या एकाच बाजारावर विसंबणे किती धोक्याचे असते, हे २०२० साली सर्वांनी पाहिले. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून मुंबईची लोकल थांबली. ज्या पाट्या पहाटेच्या गाडीने जात, त्या जाग्यावर राहिल्या. मे महिन्यात वाशीचा बाजारही काही दिवस बंद ठेवावा लागला. महाराष्ट्रभर शेतकऱ्यांची कोबी, टोमॅटो, द्राक्षे शेतात पडून राहिली आणि त्याच वेळी शहरातल्या माणसांना भाजी मिळेना.

त्या दिवसांत ज्याची गावात, शेजारच्या गावात, तालुक्याच्या ठिकाणी चार ओळखीची घरे होती, त्याचा माल निघाला. ज्याने सगळा माल फक्त दूर पाठवायची सवय लावून घेतली होती, तो हात चोळत बसला. गिऱ्हाइकाचेही तेच. ज्याच्या ओळखीचा शेतकरी होता, त्याच्या दारात भाजी आली. म्हणजे जवळची खरेदी-विक्री ही भाव पडला, रस्ता बंद झाला, पूर आला तर उपयोगी पडणारी पुरचुंडी आहे. पण ती अडचणीच्या दिवशी शोधून सापडत नाही. चांगल्या दिवसांत बांधून ठेवावी लागते. लोकल सुरू झाल्यावर आपल्यातले किती जण पुन्हा त्या शेतकऱ्याच्या दारी गेले?

भगिनींसाठी : ताटातला फरक

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण भाजी कुठून आणायची हे बहुधा तिथेच ठरते.

पालेभाजी तोडल्यापासून तिच्यातले क जीवनसत्त्व कमी होऊ लागते आणि उन्हाळ्यात तर फारच लवकर. सकाळी तोडून दुपारी शिजवलेला माठ आणि तीन दिवस पोत्यात दबलेला माठ, यांचा रंग जरी सारखा दिसला तरी लेकरांच्या अंगी लागणे सारखे नसते. दूर जाणारा टोमॅटो फुटू नये म्हणून जाड सालीचा असतो आणि अर्धवट रंगावरच तोडतात. जवळ विकायचा टोमॅटो झाडावर पिकू देता येतो. केळ्याचेही तसेच.

या किनाऱ्यावरच्या वाडवळ घरांत हिवाळ्यात ‘उकडहंडी’ करतात. वालपापडी, कोनफळ, रताळी, बटाटे, ओला लसूण असे जिन्नस मसाल्यात घोळून हंडीत घालायचे आणि मंद आचेवर वाफवायचे. त्यातले बहुतेक जिन्नस एकाच ऋतूत आणि एकाच पंचक्रोशीत मिळतात, म्हणून तर तो पदार्थ जन्मला. कोनफळ कुणी विकत घेतलेच नाही तर कोनफळ कुणी लावणार नाही. लावले नाही तर बियाणे जाईल, आणि मग उकडहंडी फक्त आजीच्या गोष्टीत राहील. तुमच्या गावीही असे एखादे कोनफळ असेलच. कुठे हुरड्याची ज्वारी असेल, कुठे भरताचे वांगे, कुठे गावठी घेवडा. खाणारा जवळ असेल तरच ते वाण जगते.

पावसाच्या तोंडाला डोंगराकडच्या बायका शेवळ घेऊन बाजारात येतात. शेवळ चुकीची शिजवली तर घशाला खाज सुटते, म्हणून तीत काकडे घालतात. काकडी नव्हे, काकड नावाच्या झाडाची फळे. हे विकणारी बाईच सांगते आणि बहुधा फळेही तिच्याच टोपलीत असतात. पिशवीत बंद करून आलेल्या भाजीबरोबर असे शहाणपण येत नाही. ओळखीच्या हातून अन्न घेतले की पाककृती, बियाणे आणि खबरदारी ही तिन्ही त्यासोबत फुकट येतात.

मासळीचेही तसेच. १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, कारण तो अनेक माशांच्या विणीचा काळ. जवळच्या कोळणीकडून घेणाऱ्याला हे ठाऊक असते. तो त्या दोन महिन्यांत सुक्या बोंबलावर आणि सुकटीवर भागवतो, आणि ती बेगमी उन्हाळ्यातच करून ठेवतो. रुपेरी पापलेटला सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला, पण अंगठ्याएवढी पिल्ले कुणी विकत घेत राहिले तर तो मान कागदावरच राहील. लहान मासा नको म्हणणारे गिऱ्हाईक समोर उभे असले की बंदरावर त्याचा परिणाम होतो.

तांदळाची गोष्टही सांगून टाकतो. वाड्याच्या कोलमला, ज्याला तिकडे झिणी म्हणतात, २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले तसे भलताच तांदूळ त्या नावाने विकला जाऊ लागला. पिशवीवरच्या नावापेक्षा वाडा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या कणगीतून घेतलेला तांदूळ खात्रीचा, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. डहाणू-घोलवडचा चिकू, बहाडोलीची जांभळे, यांचेही तसेच.

विकणाऱ्यांनो, तुम्हालाही दोन शब्द

फक्त घेणाऱ्यालाच उपदेश करून चालणार नाही. जवळचा माल म्हणजे आपोआप चांगला माल असे नाही. वाडीतला माल मुंबईला आणि गळाठा गावाला, ही सवय सोडली पाहिजे. शेजाऱ्याला दिलेले वांगे किडके निघाले तर तो पुन्हा दुकानात जाईल आणि त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

औषध फवारल्यानंतर डब्यावर लिहिलेले दिवस जाऊ द्यावेत आणि मगच तोडणी करावी. ज्याला विकायचे ती आपल्याच गावची मुले खाणार आहेत. वजन चोख असावे. भाव सकाळी एकदा ठरवून पाटीवर लिहावा, म्हणजे ओळखीच्याला एक आणि अनोळखीला दुसरा असे होत नाही. आणि माल रोज ठरल्या वेळी यावा. गिऱ्हाईक दोनदा रिकाम्या हाताने परतले की तिसऱ्यांदा येत नाही.

घेणाऱ्यांनीही एक खोड टाकावी. गावातल्या माणसाकडून घ्यायचे म्हटले की, ‘घरचीच तर भाजी आहे, पैसे कसले मागता?’ नाहीतर ‘लिहून ठेवा, नंतर देतो.’ परक्या दुकानात रोख आणि शेजाऱ्याकडे उधार, अशाने शेजाऱ्याची विहीर कशी चालेल? नात्याला चहा द्यावा, मालाला पैसे द्यावेत. फुकटाची अपेक्षा आणि उधारीचा डोंगर यांनी गावातला किती धंदा बुडाला, याचा हिशेब केला तर दलालाचे नाव बरेच खाली जाईल.

इतरांनी काय केले

शेतकऱ्याने थेट खाणाऱ्याला विकावे, यासाठी ठिकठिकाणी प्रयत्न झाले. पंजाबात १९८७ साली ‘अपनी मंडी’ सुरू झाली. आंध्र प्रदेशात जानेवारी १९९९ पासून ‘रयतू बाजार’ भरू लागले आणि त्याच वर्षी तामिळनाडूत ‘उळवर संदै’, म्हणजे शेतकऱ्यांचा बाजार, निघाला. तिथे शेतकरी स्वतः बसतो, मध्ये दलाल नाही आणि रोजचे भाव फळ्यावर लावलेले असतात. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरातल्या गृहिणींनी थेट शेतकरी कुटुंबाशी करार करून भाजी, अंडी घेण्यास सुरुवात केली. पिकले तर पिकलेले, नासले तर नुकसानीतही वाटा, अशी त्यांची बोली.

आपल्या महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास शेतकऱ्याला मोकळीक मिळाली. म्हणजे कायद्याची कडी निघालेली आहे. आता दार ढकलायचे ते आपणच.

खाडीपलीकडची गोष्ट

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर उभे राहिलात तर पलीकडचा मुलूख दिसतो तो वसई-विरारचा. पन्नास वर्षांपूर्वी तिकडेही अशाच वाड्या होत्या आणि वसईची केळी, भाजी, फुले मुंबईत प्रसिद्ध होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथली जमीन इमारतींसाठी मोकळी झाली, तेव्हा हरित वसईसाठी लोकांनी मोठा लढा दिला. त्यामुळे पश्चिमेकडच्या काही वाड्या वाचल्या, पण पुष्कळ जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या.

एप्रिल २०२५ मध्ये विरारजवळच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याजवळच्या जलसारपर्यंत वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने साठेक किलोमीटरचा वळसा होता, तो दीड किलोमीटर पाण्यावर आला. या बोटीतून इकडची ताजी भाजी, मासळी तासाभरात विरारच्या गिऱ्हाइकापर्यंत जाऊ शकते. त्याच बोटीतून जमीन विकत घेणाराही इकडे येऊ शकतो. उत्तरेकडे तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे, बोईसरला कारखाने आहेत, आणि डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. तरुण नोकरीकडे वळले तर त्यांना दोष देता येणार नाही. वाडीत राबून महिन्याचे गणित जमले नाही, तर वाडी विकण्याचा विचार घराघरात येणारच.

कुंपणावर ‘जमीन विकू नका’ अशी पाटी लावून वाडी वाचत नाही. वाडीचा माल रोज योग्य भावाने खपला तर वाडी वाचते. केळव्याच्या समुद्रावर सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांच्या ताटात इथलीच वांगी, इथलाच वाल आणि इथलीच मासळी पडली, तर त्या एका जेवणाने दोन-तीन घरांना हात लागतो. आणि गावकऱ्यांनी स्वतः तसे घेतले, तर वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस हात लागतो.

उद्यापासून काय करता येईल

वाचकहो, फार मोठे काही करायला नको. आपल्या घरात आठवड्याला कोणती भाजी, फळ, तांदूळ, डाळ, अंडी विकत येतात, याची एका कागदावर यादी करा. त्यातल्या कोणत्या वस्तू आपल्याच गावात किंवा शेजारच्या तीन-चार गावांत पिकतात, त्यांच्यापुढे खूण करा. खुणा किती पडतात ते पाहूनच तुम्हाला नवल वाटेल. मग त्यातल्या फक्त दोन वस्तू एक महिनाभर थेट पिकवणाऱ्याकडून रोखीने घ्या.

महिलांचा बचतगट असेल तर त्याने आठवड्यातून एक दिवस, देवळापुढे किंवा शाळेच्या मैदानाबाहेर, फक्त गावच्या मालाचा तासाभराचा बाजार मांडावा. पाच पाट्या आल्या तरी चालतील. ज्याच्याकडे काय आहे आणि कधी निघणार आहे, हे फळ्यावर लिहावे. कुणी पालक लावावा आणि कुणी मिरची, हेही तिथेच बोलून ठरवता येईल, म्हणजे सर्वांचा एकच माल एकाच दिवशी येणार नाही. लग्नकार्य, सप्ताह, जत्रेचा भंडारा अशा वेळी तर गावाला क्विंटलने भाजी लागते. ती कुठून आणायची, हे दोन महिने आधी ठरले तर गावातलाच शेतकरी तेवढ्यासाठी वाफे टाकून ठेवील.

सगळेच गावात पिकत नाही, आणि पिकलेच पाहिजे असेही नाही. दातिवऱ्याला गहू बाहेरूनच येणार आणि विदर्भाला नारळ बाहेरूनच जाणार. परमुलखाच्या मालाशी आपले वैर नाही. आपल्या मालासाठीही कुणीतरी परमुलखातलेच गिऱ्हाईक आहे. पण ताटातले जे शेजारी पिकते, त्याचे पैसे आधी शेजाऱ्याला मिळावेत, एवढेच म्हणणे आहे.

जुनी म्हण खोटी पाडायला कुठल्या सरकारी आदेशाची गरज नाही. उद्या सकाळी पाटी घेऊन दाराशी आलेल्या बाईला, ‘काय मावशी, आज काय आणलंत?’ एवढे विचारा, वजन करू द्या, आणि ठरलेले पैसे मोजून हातावर ठेवा.